विश्लेषण : गोठवणाऱ्या थंडीत छोट्या ट्रकच्या केबल का अडकतात? त्या चालू कशा ठेवायच्या?

काश्मीर, लडाख आणि लाहौल-स्पितीत हिवाळ्यात गाडी बंद पडली की पहिला संशय जातो डिझेल आणि बॅटरीवर. मात्र इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू होऊनही गाडी जागची हलत नाही, असे अनेकदा घडते. कधी क्लचचे पेडल खाली जाते ते वर येतच नाही, तर कधी हँडब्रेक सोडूनही मागची चाके फिरत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे घाटाच्या उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिनाचा आवाज उतरत नाही. या सगळ्याचे मूळ पुष्कळदा करंगळीपेक्षा बारीक अशा केबलमध्ये असते. केबलमध्ये नेमके काय बिघडते, आणि ते टाळता येते का, याचा हा आढावा.

छोट्या ट्रकमध्ये केबल कुठे कुठे असतात?

चालकाचा हात किंवा पाय जिथे हलतो आणि काम दूर कुठेतरी व्हायचे असते, तिथे केबल लागते. छोट्या मालवाहू गाड्यांमध्ये अ‍ॅक्सिलरेटर, क्लच, हँडब्रेक आणि गिअर या चार ठिकाणी ती प्रामुख्याने दिसते. शिवाय बॉनेट उघडण्यासाठी, हीटरची झडप फिरवण्यासाठी आणि जुन्या डिझेल गाड्यांत इंजिन बंद करण्यासाठीही केबलच असते. गॅरेजमध्ये तिला सरसकट ‘वायर’ म्हणतात. ‘क्लच वायर तुटली’ म्हणजे विजेची तार नव्हे, तर हीच केबल.

पुण्यात विकसित झालेली आणि २००५ मध्ये बाजारात आलेली टाटा एस म्हणजे ‘छोटा हाथी’ आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या वर्गातल्या गाड्या आज देशभर गल्लीबोळांपासून डोंगरी गावांपर्यंत माल पोहोचवतात. मोठा ट्रक जिथे वळत नाही, तिथे भाजी, दूध, गॅस सिलिंडर आणि औषधे याच गाड्या नेतात. चालक हाच पुष्कळदा मालकही असतो आणि गाडीवर कर्जाचा हप्ता असतो. त्यामुळे गोठलेल्या एका केबलपायी बुडालेली खेप थेट त्याच्या खिशातून जाते.

केबलची रचना कशी असते?

सायकलचा ब्रेक पाहिलेल्याला ही रचना ओळखीची वाटेल. ब्रिटनमधील अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी १८९६ मध्ये तिचे पेटंट घेतले, म्हणून तिला ‘बाउडन केबल’ असेही म्हणतात. आत पोलादी तारांचा पीळ, म्हणजे ‘इनर’. बाहेर पोलादी पट्टीची किंवा तारेची गुंडाळी, म्हणजे ‘आउटर’. या दोहोंच्या मध्ये नायलॉन किंवा टेफ्लॉनसारख्या गुळगुळीत प्लास्टिकची नळी, म्हणजे ‘लायनर’. सगळ्यात वर प्लास्टिकचे आवरण आणि दोन्ही टोकांना रबरी बूट.

आउटर जागेवर घट्ट धरलेला असतो आणि इनर त्याच्या आत सरकतो. म्हणजे सगळा खेळ इनर आणि लायनरमधल्या अगदी थोड्या मोकळ्या जागेचा आहे. तिथे पाणी, चिखल किंवा घट्ट झालेले ग्रीस आले की केबल जड होते, आणि पाणी गोठले की ती थांबते.

थंडीने तार आखडते, म्हणून केबल अडकते का?

हा समज सर्वदूर आहे, पण हिशेब वेगळे सांगतो. तापमान एक अंशाने उतरले की पोलादाची लांबी दर मीटरमागे मिलिमीटरच्या साधारण ०.०१२ भाग इतकीच कमी होते. दोन मीटर लांबीची केबल ३० अंशांवरून उणे २० अंशांवर गेली, तर ती जेमतेम १.२ मिलिमीटर आखडते. शिवाय आतली तार आणि बाहेरची गुंडाळी दोन्ही पोलादाच्याच असल्याने दोन्ही जवळपास सारख्याच आखडतात. त्यामुळे केबल ‘ओढली’ जाते ती नगण्यच.

प्लास्टिकची गोष्ट मात्र निराळी. ते पोलादापेक्षा कितीतरी पटींनी जास्त आखडते आणि थंडीत कडकही होते. वय झालेले आवरण बाकावर, टोकाशी किंवा क्लिपखाली तडकते. रबरी बूटही लवचीकपणा गमावतो आणि चिरतो. म्हणजे थंडी केबलला थेट अडवत नाही, ती पाण्यासाठी दार उघडते.

पाणी आत शिरते कुठून?

पहिली वाट फाटलेल्या बुटाची. चाकांनी उडवलेला बर्फाचा राडा गाडीच्या पोटाशी चिकटतो, इंजिन आणि सायलेन्सरच्या उष्णतेने वितळतो आणि केबलवर ठिबकतो. दुसरी वाट धुण्याची. जोराच्या फवाऱ्याने गाडी धुतली की पाणी चांगल्या बुटाच्या कडेनेही आत घुसते. तिसरी वाट दिसत नाही. केबलचे एक टोक उबदार केबिनमध्ये आणि दुसरे बाहेरच्या थंडीत असते. चालकाच्या श्वासातली, ओल्या कपड्यांमधली आणि चहाच्या वाफेतली दमट हवा केबलमध्ये उतरते आणि थंड भागात तिचे थेंब होतात.

हे पाणी केबलच्या सर्वात खालच्या झोळात साचते. दिवसा ऊन आणि इंजिनाची ऊब असते, तोवर काही जाणवत नाही. रात्री पारा शून्याखाली गेला की त्याचा बर्फ होतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे ती इवलीशी जागा डट्ट्यासारखी बंद होते. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा ‘चिल्लई कलान’ हा कडक थंडीचा काळ असतो. त्या दिवसांत हे चक्र रोज फिरते आणि दर फेरीला थोडे नवे पाणी आत जाते.

उंचीचाही यात वाटा आहे. दर एक हजार मीटर चढल्यावर हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर, तर झोजिला खिंड ३,५२८ मीटरवर आहे. म्हणजे खाली पाऊस आणि चिखलात भिजलेली गाडी काही तासांत सुमारे १२-१३ अंश अधिक थंड हवेत पोहोचते. मनालीहून ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून लाहौलमध्ये जाणाऱ्यांनाही हा फरक अनुभवावा लागतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी बोगदा खुला झाल्यापासून हिवाळ्यातही त्या खोऱ्यात ये-जा शक्य झाली आणि छोट्या मालवाहू गाड्यांचा थंडीशी संबंध वाढला.

ग्रीस भरले की प्रश्न सुटतो का?

उलट बिघडूही शकतो. गॅरेजमध्ये बेअरिंगसाठी ठेवलेले नेहमीचे घट्ट ग्रीस पुण्या-नाशिकच्या हवेत ठीक वाटते, पण उणे १५-२० अंशांत ते मेणासारखे होते. बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या घर्षणाने ग्रीस पुन्हा मऊ पडते. केबलमध्ये अशी उष्णता तयारच होत नाही. म्हणून केबलसाठी पातळ आणि कमी तापमानासाठी बनवलेले सिंथेटिक तेल किंवा ग्रीसच हवे. डब्यावर तापमानाची वरची आणि खालची अशी दोन्ही टोके छापलेली असतात. आपल्याकडे वरचे टोक पाहायची सवय असते, इथे पाहायचे ते खालचे.

दुसरे म्हणजे टेफ्लॉनच्या लायनरच्या अनेक केबल कारखान्यातूनच ‘वंगणाची गरज नाही’ अशा येतात. त्यात जाड ग्रीस कोंबले तर धूळ चिकटते आणि लायनर लवकर झिजतो. आपल्या गाडीची केबल कोणत्या प्रकारची आहे, हे गाडीच्या पुस्तिकेत किंवा अधिकृत सुट्या भागांच्या दुकानात कळते. गंज सोडवणारे फवारे पाणी हटवायला उपयोगी पडतात, पण त्यातले बरेचसे द्रव्य उडून जाते. त्यांना कायमचे वंगण समजू नये.

जड झालेली केबल नुसती त्रासाची की धोक्याची?

धोक्याची, आणि त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. केबल जितकी वाकडी, तितके घर्षण गुणाकाराने वाढते. विहिरीच्या रहाटावर दोराला एक जादा वेढा दिला की ओझे थोपवणे किती सोपे होते, हे आठवा. नेमका तोच परिणाम केबलमध्ये आपल्या विरुद्ध काम करतो. एखाद्या केबलची सगळी वळणे मिळून १८० अंश भरतात असे धरू. घर्षणाचा गुणांक ०.१ असेल, तर पलीकडे १० किलोचा ओढा मिळवण्यासाठी अलीकडे सुमारे १३.७ किलो लावावे लागतात. घाण आणि घट्ट ग्रीसने तोच गुणांक ०.३ झाला, तर सुमारे २५.७ किलो. वळणे तीच, केबल तीच, पण जोर जवळपास दुप्पट.

ओढताना निदान माणसाच्या पायात ताकद असते. सोडताना ते काम एका लहान स्प्रिंगला करावे लागते. अ‍ॅक्सिलरेटर परत मिटवणारी स्प्रिंग मुद्दामच हलकी ठेवलेली असते, नाही तर दिवसभर पाय दाबून धरणे कठीण जाईल. घर्षण वाढले की या स्प्रिंगचा ओढा वाटेतच संपतो. मग पाय उचलला तरी पेडल खालीच राहते. सपाट रस्त्यावर हा नुसता मनस्ताप ठरतो. बर्फाच्या उतारावर, पुढे वळण आणि पलीकडे दरी असताना, तो जिवावर बेततो.

क्लचची केबल अर्धवट अडकली तर दोन प्रकार होतात. क्लच पूर्ण सुटला नाही तर गिअर पडताना कटकट आवाज येतो. पूर्ण बसला नाही तर क्लच प्लेट घसरते आणि चढावर जळते. हँडब्रेकची केबल ओढलेल्या स्थितीत गोठली, तर मागचे ब्रेक चिकटून राहतात. घसरड्या बर्फावर चाके न फिरता नुसती फरफटतात, आणि कोरड्या रस्त्यावर ड्रम तापून ब्रेकची पकड कमी होते.

थंड प्रदेशात जाण्यापूर्वी काय तपासावे?

सर्वात महत्त्वाचे म्हणजे ही तपासणी खालीच, कोरड्या आणि उबदार ठिकाणी करावी. डोंगरात पोहोचल्यावर केबलमधले पाणी काढणे जवळपास अशक्य असते.

- सगळे रबरी बूट बोटाने दाबून, वाकवून पाहावेत. चीर दिसली तर बदलावेत.
- केबलच्या वरच्या आवरणावर तडा, वितळल्याची खूण किंवा गंजाचा तांबूस ओघळ आहे का ते पाहावे. असल्यास केबल पूर्ण बदलावी.
- टोकाशी इनरची एखादी तार उसवली असेल, तर ती लायनर खरवडते. अशा केबलला तेल पाजून उपयोग नाही, तीही बदलावी.
- इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून हळूहळू सोडावा. वर येताना कुठेही अडखळला तर कारण शोधल्याशिवाय निघू नये.
- केबलचा मार्ग पाहावा. क्लिप तुटून ती लोंबत असेल तर झोळ तयार होतो आणि पाणी तिथेच साचते. तीव्र वळणही नको आणि सायलेन्सरला स्पर्शही नको.

केबल चांगली आहे पण ओल असण्याची शंका आहे, तर ती काढून उभी टांगावी. झोळातले पाणी निथळू द्यावे, कोरड्या हवेने फुंकून घ्यावे आणि दिवसभर उबदार खोलीत ठेवावे. वंगण चालणारी केबल असेल, तर वरच्या टोकाला प्लास्टिकची छोटी चाडी बांधून कमी तापमानाचे पातळ तेल थेंब थेंब सोडावे. खालच्या टोकातून आधी काळे तेल येते. स्वच्छ तेल येऊ लागले की काम झाले. शेवटी बूट नीट बसवून कडा पुसून घ्याव्यात.

नवी केबल घातली तर जुनी, पण चालू असलेली केबल सोबत ठेवावी. केबल ही गाडीतल्या स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. खिंडीत अडकल्यावर मात्र ती कोणत्याही भावाने मिळत नाही.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या गाड्यांसाठी वेगळे काही?

होय. जी गाडी मुंबई, ठाणे किंवा कोकणात एक पावसाळा काढून आली आहे, तिच्या केबलमध्ये पाणी असण्याची शक्यता मोठी. तुंबलेल्या रस्त्यातून गेलेली हँडब्रेकची केबल वर्षभर ओल धरून राहू शकते. इथे पारा शून्याला जात नाही, त्यामुळे तक्रार येत नाही. उत्तरेत पहिल्याच गोठवणाऱ्या रात्री ती उघड होते. मासळी वाहणाऱ्या गाड्यांत तर मिठाचे पाणी पोटाशी ठिबकत असते. मीठ गोठणे थोडे लांबवते, पण पोलाद झपाट्याने गंजवते आणि गंजाचा भुगा घर्षण वाढवतो. अशी गाडी विकत घेऊन थंड प्रदेशात नेणार असाल, तर हँडब्रेकच्या केबल सरळ नव्या घालाव्यात.

मुक्कामाला गाडी कशी उभी करावी?

शून्याखालच्या रात्री शक्यतो हँडब्रेकवर भिस्त ठेवू नये. सपाट जागा निवडावी. गाडी गिअरमध्ये ठेवावी, तोंड चढाकडे असेल तर पहिल्या आणि उताराकडे असेल तर रिव्हर्समध्ये. चाकांना लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावावेत आणि पुढची चाके डोंगराच्या बाजूला वळवावीत. तीव्र उतारावर हँडब्रेक ओढण्यावाचून गत्यंतर नसेल तर तो ओढावाच. गोठलेल्या ब्रेकपेक्षा घरंगळलेली गाडी वाईट.

ओढ्यातून किंवा राड्यातून गाडी गेली असेल, तर थांबण्याआधी सुरक्षित जागी, हळू वेगात पायाचा ब्रेक हलकेच काही वेळा लावावा. ड्रम थोडे तापतात आणि ओल उडते. पोटाला चिकटलेला बर्फ काठीने पाडून टाकावा, म्हणजे रात्रीत तो केबलभोवती घट्ट होणार नाही.

सकाळी केबल गोठलेली आढळली तर?

जोर लावू नये. गोठलेल्या केबलवर पूर्ण ताकदीने पाय दिला, तर तार तुटते किंवा टोकाची पकड निसटते. आधी इंजिन सुरू होत असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड लावून काही वेळ चालू द्यावी. अ‍ॅक्सिलरेटरची केबलच अडकलेली असेल तर मात्र ती सुटून पेडल मोकळे झाल्याची खात्री होईपर्यंत इंजिन सुरू करू नये. बंद जागेत इंजिन चालवू नये, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. इंजिनाजवळच्या केबलना त्याच्या उबेने मदत होते. बाकी ठिकाणी घरातली गरम पाण्याची शेकायची रबरी पिशवी केबलच्या झोळाभोवती गुंडाळून ठेवणे हा साधा आणि सुरक्षित उपाय. त्यात ऊब मिळते आणि पाणी मात्र आत जात नाही.

थेट गरम पाणी ओतणे हा सर्वात लोकप्रिय आणि सर्वात चुकीचा उपाय. दहा मिनिटे काम होते, मग तेच पाणी केबलमध्ये शिरून पुन्हा गोठते, आधीपेक्षा घट्ट. गाडीखाली शेकोटी करणे किंवा बत्तीची ज्योत फिरवणे त्याहून घातक. लायनर वितळतो, आणि इंधनाच्या नळ्या अगदी जवळच असतात.

हँडब्रेक सुटत नसेल, तर लिव्हर काही वेळा ओढून सोडून पाहावा. ब्रेक ड्रमला लाकडी हातोड्याने हलके ठोकावे. त्यानंतर आसपास कोणी नाही याची खात्री करून, ठोकळे काढून, गाडी किंचित पुढे-मागे हलवावी. चाके तरीही फिरत नसतील तर उन्हाची वाट पाहावी. फरफटत नेल्याने टायर आणि ब्रेक दोन्ही जातात.

चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर?

क्रम पाठ हवा. क्लच दाबावा आणि गाडी न्यूट्रल करावी. इंजिन गर्जेल, त्याकडे दुर्लक्ष करावे. ब्रेक एकदाच, स्थिर दाबावा. पंप केल्यासारखा पुन्हा पुन्हा दाबू नये, कारण त्याने ब्रेकला मिळणारी बूस्टरची मदत संपू शकते. बर्फावर चाके लॉक होऊन गाडी घसरू लागली, तरच दाब किंचित कमी करून पुन्हा धरावा. धोक्याचे दिवे लावून गाडी कडेला थांबवावी आणि मगच किल्ली फिरवून इंजिन बंद करावे. चालत्या गाडीत किल्ली बाहेर काढू नये, स्टिअरिंग लॉक होते. पेडल वर ओढण्यासाठी खाली वाकण्याचा मोह टाळावा. थांबल्यावर पेडल सुटले, म्हणून लगेच पुढे निघणे हा दुसरा धोका. जी केबल एकदा अडकली, ती पुढच्या उतारावरही अडकेल.

नव्या गाड्यांत हा प्रश्न संपला का?

काही अंशी. अनेक नव्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पेडलचा इंजिनाशी संबंध विजेच्या तारेतून असतो आणि क्लच तेलाच्या दाबावर चालतो. पण हँडब्रेक आणि गिअरच्या केबल बहुतेक छोट्या ट्रकमध्ये कायम आहेत. शिवाय डोंगराळ भागात जुन्या गाड्या बरीच वर्षे धावतात.

थंडीतल्या डिझेलच्या प्रश्नाकडे सरकारी पातळीवर लक्ष गेले. उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखमध्ये आणले. केबलसाठी अशी कोणती योजना येणार नाही, आणि तिची गरजही नाही. निघण्याआधीचा एक तास, शाबूत रबरी बूट, योग्य तेलाची छोटी बाटली आणि चाकाखाली घालायला दोन ठोकळे, एवढ्यावर हे काम भागते. उबदार गॅरेजमध्ये पाच मिनिटांत दिसणारा दोष झोजिलाच्या वळणावर दिसावा, एवढी तो स्वस्त गोष्ट नाही.